दाजींना शिव्या मिळत नाहीत

त्या कारखान्यात शिवी खाल्ल्याशिवाय कोणाचा दिवस सुरू होत नसे. कारखाना म्हटल्यावर धुराडं वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, एका भिंतीला कामाची टेबलं आणि दुसऱ्या भिंतीला रांगेत उभी केलेली जुनी यंत्रं: शिलाई मशिनं, हाताने फिरवायची ड्रिल मशिनं, वजनकाटे, पुस्तकं बांधणाऱ्यांचे लोखंडी प्रेस. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या जिन्याखाली गंजत पडलेली ही धुडं इथे मरायला टेकलेल्या अवस्थेत यायची आणि चालती होऊन घरी जायची. मालक आणि फिटर एकच होता, आणि त्याला सगळी गल्ली तोफखाना म्हणायची.

नाव उगाच पडलं नव्हतं. सकाळी कुलूप काढताना तो कुलपाला शिवी द्यायचा, ते उघडलं की किल्लीला. न निघणाऱ्या स्क्रूचा तो बापजाद्यांसकट उद्धार करायचा. यंत्रांना रंग देणारी आणि त्यांवर बारीक सोनेरी रेघा ओढणारी रंगवाली त्याच्याकडे कित्येक वर्षं काम करत होती. तिला तो "अकलेचा कांदा" म्हणायचा आणि ती हातातली रेघ न थांबवता म्हणायची, "कांदा तू. सोलत गेलं तर आत काहीच नाही." गिऱ्हाइकांचीही सुटका नव्हती. मशिनला कधी तेल न घालणाऱ्या एका शिंप्याला त्याने चारचौघांत विचारलं होतं, "टोणग्या, स्वतःच्या डोक्याला मात्र रोज थापतोस ना?" तो शिंपी पुढच्याच आठवड्यात आपल्या भावाचंही मशिन घेऊन आला. तोफखान्याने शिवी दिली म्हणजे त्याने आपलं मानलं, हे सगळ्यांना कळत होतं.

शिवी मिळत नव्हती ती एकट्या दाजींना.

दाजी म्हणजे तोफखान्याच्या थोरल्या बहिणीचे नवरे. तोफखाना त्यांना दाजी म्हणायचा, ते ऐकून रंगवाली म्हणायला लागली, तिचं ऐकून चहावाला, आणि शेवटी अख्खी गल्लीच त्यांची मेव्हणी असल्यासारखी दाजी-दाजी करू लागली. त्यांचा जन्म कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात गेला होता. मालकाच्या मुलाने एक दिवस दुकानातली ठाणं उचलून तिथे मोबाइल विकायला मांडले, आणि दाजी घरी बसले. घरी बसलेला पुरुष काय करतो? दाजी घड्या घालू लागले. टॉवेल, उशांचे अभ्रे, जुनी वर्तमानपत्रं, बायकोने वाळत टाकायला काढलेले ओले कपडेसुद्धा. ती कावली.

"अहो, ते पायपुसणं आहे! त्याची काय घडी घालता?"

"कडेला कड जुळली की कसं बरं दिसतं."

तिने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. "यांना तुझ्याकडे काहीतरी काम दे. नाहीतर मी यांचीच घडी घालून कपाटात ठेवीन."

असे दाजी गंजाच्या टेबलावर आले. यंत्र खोललं की त्याचा एकेक भाग गंजातून बाहेर काढायचा, हे ते काम. कंटाळवाणं, घाणेरडं, आणि कोणालाच नको असलेलं. दाजींना ते पहिल्याच दिवशी आवडलं. लहानसहान भाग आधी रॉकेलमध्ये भिजत टाकायचे. मग तारेच्या ब्रशने वरची लाल पूड झटकायची. त्याने भागलं नाही तर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तो भाग लोंबकळत सोडायचा आणि बॅटरी चार्जरच्या तारा जोडायच्या. बुडबुडे येत राहतात, पाणी गढूळ होतं, आणि चहा पिऊन येईपर्यंत गंजाचा काळा चिखल होऊन तो हाताने पुसता येतो. आणि पुसला की तसाच ठेवायचा नाही, लगेच कोरडा करून तेल लावायचं. जरा आळस केला की डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस झाक चढते. हे सगळं दाजींनी चटकन उचललं. टेबलावर ते पांढरं कापड अंथरायचे, त्यावर शिंप्याच्या खडूने चौकोन आखायचे, आणि जो स्क्रू जिथून निघाला त्याच क्रमाने मांडून ठेवायचे. बोटांनी कापडाचा पोत ओळखायची सवय होतीच. डोळे मिटून ते लोखंडावरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "इथे अजून आहे."

तोफखान्याला हे दिसत होतं. पण कौतुक करायची त्याची एकच भाषा होती, आणि ती दाजींसाठी बंद होती. बहिणीचा नवरा, त्यातून वयाने मोठा. बाकीच्यांना चहा काचेच्या ग्लासात, दाजींना कपबशीत. बाकीच्यांना बसायला लोखंडी स्टूल, दाजींच्या स्टुलावर उशी. रंगवालीने एकदा डबा सांडला तर तोफखान्याने तिच्या सात पिढ्या काढल्या, आणि दाजींनी सबंध ट्रे उलटा केला, स्क्रू खोलीभर उधळले, तर म्हणाला, "असू द्या, असू द्या. तुम्हाला लागलं तर नाही ना?"

दाजी गुडघ्यांवर रांगत ते स्क्रू वेचत राहिले. पण माणसाला पाहुणा म्हणून किती दिवस कामाला जाता येतं?

मग तो लेथ आला.

लेथ म्हणजे फिरत्या धातूला हत्यार टेकवून त्याला गोल आकार देणारं यंत्र. हा लेथ तोफखान्याच्या उस्तादांचा होता. कान पिळून तोफखान्याला त्यांनीच फिटर केला होता. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांच्या जुन्या शेडचं छप्पर गळत होतं, आणि लेथ लालभडक होऊन बसला होता. उस्तादांची लेक, ठेंगणी, करारी बाई, टेम्पोबरोबर स्वतः आली. नळाचे पितळी भाग बनवायचा तिचा धंदा होता, आणि वडिलांच्या लेथवर तिला स्वतः काम करायचं होतं.

"बाबांच्या हाताचं काही बिघडवू नकोस," ती तोफखान्याला म्हणाली.

"ए बये, मला शिकवतेस? तू फ्रॉक घालून नाक पुसत फिरायचीस तेव्हापासून मी हा लेथ पुसतोय."

"म्हणूनच सांगतेय. तेव्हाही तू धसमुसळाच होतास."

दोघं हसले. दाजी टेबलामागून बघत होते. असं कोणी आपल्याशी बोलावं, एवढंच त्यांना वाटलं. फार मोठी इच्छा नव्हती हो.

लेथचं एक दातेरी चाक तुटलं होतं. ते दुसऱ्या गावच्या भंगार बाजारात मिळेल असा सुगावा लागला, आणि तोफखाना निघाला. जाता जाता म्हणाला, "दाजी, बेडवर नुसतं रॉकेल मारून ठेवा. बाकी मी आल्यावर बघतो." बेड म्हणजे लेथचा पाया: लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, ज्यांवरून हत्याराचा गाडा पुढेमागे सरकतो. लेथचा सगळा खरेपणा त्या पट्ट्यांच्या सरळपणात असतो. हे दाजींना कोणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना अशा गोष्टी कोण सांगतं?

दाजींनी रॉकेल मारलं. मुरू दिलं. मग वाटलं, जरा चिंधी फिरवून बघावं. चिंधीला लाल चिखल आला आणि त्याखाली राखाडी लोखंड दिसू लागलं. दाजींचा हात थांबेना. संध्याकाळपर्यंत वरचा गंज गेला होता, आणि खाली दिसत होते डाग. नखाच्या टोकाएवढे, उथळ, अर्धवट चंद्रासारखे वाकडे खळगे. ओळीच्या ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाजींनी अंगठा फिरवला. खरखरीत लागलं.

"गंजाने पार खाल्लाय हो," ते रंगवालीला म्हणाले. "बघा, कशी देवी आल्यासारखी कातडी झालीय."

रंगवाली ब्रश धूत होती. "दाजी, तो नुसतं रॉकेल मारा म्हणाला होता."

"मारलं की. पण आल्यावर त्याला हे एवढं घासत बसायला लागणार. खांदा दुखतो त्याचा."

"तो आल्यावर बघेल ना."

"दर वेळी त्यानेच का बघायचं?" दाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्याच अपेक्षेपेक्षा वर गेला. रंगवाली परत ब्रश धुवायला लागली. तीही त्यांना दाजीच म्हणत होती ना. तोफखान्याने असा हट्ट केला असता तर तिने ब्रश फेकून मारला असता.

दुसऱ्या दिवशी दाजींनी हातातला ग्राइंडर घेतला. चाकू-कुऱ्हाडी घासायला वापरतात तो, पुढे पॉलिश पेपरची चकती लावलेला. लोखंडी दांडे, स्टँडचे पाय यांच्यावर तोफखान्याने तो चालवलेला त्यांनी पाहिला होता. ठिणग्या उडाल्या. एकेक चंद्र पुसला जाऊ लागला. एक ओळ, मग पुढची. दाजींनी जीव ओतला. पट्टीच्या एका टोकाला, लोखंडी ब्रॅकेटच्या आडोशाला, चकती पोचेना, तेवढा वीतभर तुकडा राहिला. बाकी बेड असा चमकला, की दाजींना त्यात आपल्या नाकपुड्या दिसल्या. त्यांनी तेल लावलं, वर स्वच्छ पांढरं कापड अंथरलं आणि कड कडेला जुळवली.

तोफखाना परत आला तो दातेरी चाक पोत्यात घेऊन, प्रवासाने वैतागलेला, दारातल्या पायरीला शिवी देत.

"आधी हे बघ," दाजी म्हणाले, आणि त्यांनी ठाण उलगडून दाखवावं तसं कापड एका झटक्यात ओढलं.

तोफखाना बघत राहिला. त्याने पोतं खाली ठेवलं. तळहात सपाट ठेवून बेडवरून हळूहळू शेवटपर्यंत नेला. टोकाशी, त्या ब्रॅकेटखाली, हात थांबला. तिथेच थोडा वेळ राहिला.

दाजी कापड हातात धरून उभे होते. आता. आता काहीतरी म्हणेल.

"छान केलंत, दाजी," तोफखाना म्हणाला. "फार मेहनत घेतलीत. चहा झाला का तुमचा?"

आणि तो बाहेर गेला. गल्लीत त्याच्या दुचाकीला लाथ बसल्याचा आवाज आला. शिवी मात्र ऐकू आली नाही.

दाजींना काय कळावं? ते घरी जाऊन बायकोला म्हणाले, "आज तुझा भाऊ छान म्हणाला." ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "छान? तो? त्याला बरं आहे ना?"

त्यानंतर कारखान्यात विचित्र शांतता पसरली. तोफखाना कोणालाच काही बोलेना. स्क्रू निघाला नाही तर गुपचूप दुसरा पाना घ्यायचा. रंगवालीने मुद्दाम एका मशिनची रेघ वाकडी काढून पाहिली, तर म्हणाला, "राहू दे, नंतर करू." ती घाबरलीच. दाजींनी कोपऱ्यात गाठून विचारलं, "काय झालंय याला?" तर ती जाऊन रंगाचा डबा ढवळू लागली. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

उत्तर उस्तादांच्या लेकीने आणलं. काम कुठवर आलंय बघायला ती आली, सरळ लेथपाशी गेली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि वाकली.

"बाबांच्या चंद्रकोरी कुठे गेल्या?"

दाजी तेव्हा कापडावर स्क्रू मांडत होते.

"इथे सबंध बेडवर चंद्रकोरी होत्या. त्यांनी हाताने काढलेल्या. मी समोर बसून बघितलंय. कानशीच्या पात्याने एकेक खरवडून, मोजत, पट्टी लावून, परत खरवडून. तेल त्या खळग्यांत बसतं म्हणून गाडा वरून सहज सरकतो, हे तूच मला सांगितलं होतंस ना? कुठे गेल्या?"

"माझ्या हातून गेल्या," तोफखाना म्हणाला.

"तुझ्या हातून?"

"गंज फार होता. ग्राइंडर मारला. चुकलं."

"ग्राइंडर! बेडवर!" तिचा आवाज पत्र्याला लागून परत आला. "अरे, ज्याला धड पाना धरता येत नाही तोसुद्धा बेडला ग्राइंडर लावत नाही. बाबा म्हणायचे, माझा हात याच्यात उतरलाय. हा हात? लाज नाही वाटली तुला?"

तोफखाना मान खाली घालून उभा होता. दिवसभर जगाला झोडपणारा माणूस, आज स्वतः झोडपून घेत होता.

दाजींच्या हातातून एक स्क्रू सुटला. घरंगळत टेबलाखाली गेला. दाजी तो शोधायला खाली वाकले, आणि खालीच राहिले.

स्क्रू तिथेच, त्यांच्या चपलेपाशी होता. तो त्यांनी लगेच उचलला होता. तरी ते टेबलाच्या पायाला धरून उकिडवे बसून राहिले, स्क्रू मुठीत आवळून, डोक्यावर लाकडी फळी आणि फळीच्या वर ते सगळं बोलणं. एकदाच उठून दोन शब्द म्हणायचे होते: मी घासलं. गुडघे दुखू लागले. मनात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते त्यांचंच होतं. काउंटरमागे उभं राहून जन्मभर त्यांनी ते गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. हातमागाचं कापड कोणी हातात घेई, त्यातल्या जाडसर गाठीवर बोट ठेवी आणि म्हणे, इथे खराब आहे. आणि दाजी हसून म्हणत, "तो दोष नाही ताई. ते हाताचं काम आहे."

उस्तादांची लेक निघून गेली. दाजी उठले तेव्हा कान तापले होते. तोफखाना त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "सापडला का स्क्रू?"

"सापडला," दाजी म्हणाले.

घरी ते जेवले नाहीत. बायकोने आधी पोटाची चौकशी केली, मग डोक्याची, मग सरळ समोर बसली. तिच्यापुढे फार वेळ टिकणं त्यांना कधीच जमलेलं नव्हतं. सगळं ऐकून तिने त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या भावाने तुमच्यासाठी शिव्या खाल्ल्या, आणि तुम्ही टेबलाखाली होतात."

"तो मला काहीच बोलला नाही गं. एक शब्दसुद्धा नाही. तो बोलला असता ना..."

"तुम्हाला शिवी हवीय का? मी देते. सांगा, कुठली देऊ?"

"तुझ्या नकोत. तुझ्या मिळतातच."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. नवऱ्याचा चेहरा तसा होता.

दाजींनी दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत असल्याचं कळवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. गुडघा खरंच दुखत होता, हे त्यातल्या त्यात बरं. पण निव्वळ खोटं एक वेळ पचतं, खऱ्या दुखण्याच्या आडून बोललेलं खोटं फारच जड जातं. संध्याकाळी तोफखाना दारात उभा. हातात सफरचंदांची पिशवी, हाताची नखं निळी. "दाजी, कसा आहे गुडघा? घाई करू नका. आराम करा." सफरचंदं टेबलावर ठेवून तो बसला, पाणी प्याला, आणि पाण्याचा पेला खाली ठेवताना त्याचा उजवा खांदा वाकडा झाला, ओठ आवळले गेले. बहिणीच्या ते लक्षात आलं.

"काय रे झालं खांद्याला?"

"काही नाही. बेड खरवडतोय."

म्हणजे तो नव्याने ते सगळं करत होता. ग्राइंडरने बेडचा दिसायला आरसा केला होता, पण सरळ पट्टी ठेवली की खाली नुसते उंचवटे आणि खड्डे. पट्टीला निळा रंग फासायचा, बेडवर घासायची, जिथे निळं उमटेल तो उंचवटा, तेवढाच हाताने खरवडायचा, की परत रंग, परत पट्टी. दिवसचे दिवस. दुसरं काम बाजूला ठेवून. नखं त्यामुळे निळी होती. हे सगळं दाजींना कोणी सांगितलं नाही, उस्तादांच्या लेकीचं बोलणं आठवून आणि नखांकडे बघून त्यांनीच ओळखलं, आणि हेही ओळखलं की या माणसाने ते सांगितलं नसतं, कधीच नाही.

"सफरचंदं खा हं, दाजी," तो जाताना म्हणाला.

दाजींनी एकही खाल्लं नाही. कापायला घेतलं आणि बायकोला म्हणाले, "तिचा पत्ता आहे का तुझ्याकडे? उस्तादांच्या मुलीचा?"

तिचं वर्कशॉप दाजींच्या घरापासून बरंच लांब होतं. बसमधून उतरून ते दारात उभे राहिले तेव्हा ती पितळेची भुकटी झाडत होती. त्यांना ओळखून म्हणाली, "या. तुम्ही त्याचे दाजी ना?"

"मी घासलं," दाजी म्हणाले. नमस्कार करायचं राहून गेलं. "बेड. ग्राइंडर. तो नव्हता तेव्हा. मला वाटलं गंजाने खाल्लंय."

तिने झाडू भिंतीला टेकवला. "आणि मी बोलत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"टेबलाखाली."

"तरीच म्हटलं, ते पाय कोणाचे." ती रागावलेली नव्हती, आणि त्यामुळे जास्तच वाईट झालं. चष्मा काढून ती पदराने पुसत बसली. "मी त्याला काय काय बोलले माहितेय ना? बाबांचं नाव घेऊन बोलले. चंद्रकोरींचं सोडा, त्या गेल्या. पण ते बोललेलं मी आता कुठे नेऊन ठेवू?"

दाजी तसेच उभे राहिले. तिने त्यांना बसा म्हटलं नाही, आणि तेही बसले नाहीत.

"चला," ती शेवटी म्हणाली, आणि शटर ओढलं.

दोघं कारखान्यात शिरले तेव्हा तोफखाना बेडवर ओणवा होता. उस्तादांच्या लेकीने नीट, सगळ्यांसमोर सांगितलं: यांनी मला सगळं सांगितलं, तुझा काही दोष नव्हता, मी बोलले ते चुकले. रंगवालीने ब्रश खाली ठेवला. चहावाला ग्लास घेऊन दारातच थांबला.

तोफखाना सरळ झाला. त्याच्या मानेपासून लाली वर चढत गेली.

"तिला सांगायला गेला होतास?" तो ओरडला. "कोणी सांगितलं होतं? अरे मूर्खा, दगडा, मी निस्तरत होतो ना! माझ्या उस्तादाच्या पोरीपुढे मी घरची अब्रू झाकायची आणि तू बस पकडून जाऊन उघडी टाकायचीस? ग्राइंडर! बेडवर! अरे, डोळे होते का गारगोट्या? अकलेच्या कांद्या, विचारायला तोंड नव्हतं?"

दाजी ऐकत होते. प्रत्येक शब्द अंगावर येत होता आणि प्रत्येक शब्द खरा होता. इतकी लाज त्यांना त्या टेबलाखालीसुद्धा वाटली नव्हती, कारण तिथे ती एकट्याची होती. आता ती सगळ्यांसमोर होती, आणि तरी ते मागे सरकले नाहीत.

मग तोफखान्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं. चेहऱ्यावरचा रंग एकदम उतरला. "दाजी," तो पुटपुटला, "चुकलो. माझी जीभ... ताईला सांगू नका. तुम्ही बसा. अरे, दाजींना कप दे."

"परत घेऊ नकोस," दाजी म्हणाले.

"काय?"

"बोललास ते परत घेऊ नकोस. ते माझं आहे."

कोणालाच पुढे काय करावं कळेना. चहावाल्याच्या हातात एकच कपबशी होती आणि बाकी ग्लास. तो एकाकडून दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी रंगवालीने उठून कपबशी उस्तादांच्या लेकीच्या हातात दिली. "पाहुण्या त्या आहेत," ती म्हणाली, आणि एक ग्लास दाजींपुढे आपटला. चहा थोडा सांडला.

दुसऱ्या दिवशी तोफखान्याचं पुन्हा "अहो दाजी" सुरू झालं. माणसाची सवय अशी एका दिवसात जात नाही, आणि त्या शिव्या काही रोज मिळू लागल्या नाहीत. दाजी बेडशेजारी उभे राहून पट्टीला निळा रंग फासून द्यायचे, सांगेल तेवढाच, सांगेल तिथेच. टोकाशी उरलेल्या वीतभर जुन्या चंद्रकोरींना तोफखान्याने हात लावला नाही. तेवढ्या तशाच राहिल्या, नव्यांच्या शेजारी. नव्या सरळ होत्या, पण जुन्यांसारख्या नव्हत्या, ते दाजींच्या अंगठ्यालाही कळत होतं. तिथे तेल लावताना ते दुसरीकडे बघायचे.

लेथ गेला. त्यानंतर एका दुपारी रंगवाली एका वजनकाट्याची पितळी पाटी पॉलिश करत होती. दाजी मागच्या दाराने आत आले ते तिला दिसलं नाही, आणि तोफखाना टेबलावरून ओरडला, "बस झालं! किती घासशील? त्याचा दाजी होईल!"

मग दोघांनाही दाजी दिसले. रंगवालीने जीभ चावली. तोफखान्याने पान्याकडे बघायला सुरुवात केली. हा शब्द आज पहिल्यांदा निघालेला नव्हता, हे दोघांच्या तोंडांवरच लिहिलं होतं. दाजी कानशिलांपर्यंत लाल झाले. ते आपल्या टेबलाशी गेले, कापडाची कड सरळ केली, आणि काम करू लागले.

आता तो शब्द गल्लीभर झाला आहे. जास्त घासून, जास्त सोलून, जास्त नीट करून कोणी काही वाया घालवलं, की त्याचा दाजी झाला म्हणतात. शिंपीही म्हणतो, चहावालाही. दाजींना प्रत्येक वेळी तेवढीच लाज वाटते, त्यात काही कमी झालेलं नाही.

परवा बायको घरी पितळी डब्यावरचा चिंचोक्याएवढा डाग घासत बसली होती. दाजी बराच वेळ बघत होते. मग त्यांनी तिच्या हातातून काथ्या काढून घेतला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "त्याचा दाजी होईल."